आली धार

“मुततेय का गं?” बाबांनी ओट्यापाशी उभं राहून विचारलं.

“मुततेय की. चांगली लांब धार आहे,” मी मोरीतून ओरडून सांगितलं.

बाहेरच्या खोलीत माझ्या होणाऱ्या सासूबाई पोहे खात बसल्या होत्या. त्यांना जोरात ठसका लागला. आई पाणी घेऊन धावली. ठसका थांबल्यावर त्या नाकाला पदर लावून थेट मोरीच्या दारात आल्या. बघतात तर मी सलवार गुडघ्यापर्यंत सरकवून घंगाळ्यापाशी बसलेली आणि घंगाळ्यात माझी पिवळी बोट. हातभर लांब. तिच्या कुशीतल्या बारीक भोकातून पाण्याची धार निघून समोरच्या भिंतीवर पडत होती.

“हिच्याबद्दल चाललं होतं होय,” सासूबाई, म्हणजे कुमुदकाकू, म्हणाल्या. “मला वाटलं घरात कुत्री पाळलीय.”

मी त्यांना समजावून सांगितलं, कारण समजावून सांगायची मला खोडच आहे. रेडिओवर चालणाऱ्या आमच्या बोटींना ब्रशवाली मोटर असते. कार्बनचे दोन तुकडे आतल्या फिरत्या भागावर घासत असतात. त्या घासण्याने आणि पाणी कापायच्या ओझ्याने मोटर तापते. फार तापली की आतल्या तारेवरचं वार्निश जळतं आणि मोटर मेली. म्हणून बोटीच्या मागचा पाणी लोटणारा पंखा बेताचा लावायचा, मोटर आणि पंख्याचा दांडा एका रेषेत बसवायचा, दांड्याला ग्रीस भरायचं. आणि मोटरीभोवती तांब्याच्या नळीचं वेटोळं घालायचं. पंख्याच्या मागे नळीचं एक बारीक तोंड असतं. पंख्याने फेकलेलं पाणी त्यात शिरतं, वेटोळ्यातून फिरून मोटरीची उष्णता घेऊन कुशीतून बाहेर पडतं. धार दिसली म्हणजे मोटर गार राहणार. धार नाही तर बोट सोडायची नाही.

“अगं बाई,” काकू म्हणाल्या. “आणि एवढं करून पुढे काय करायचं?”

“शर्यत.”

“हां, ती रविवारची. शिरीष सांगत होता.” मग त्या बाबांकडे वळून हसत हसत म्हणाल्या, “करडे, तेवढं आमच्या शिरीषला जिंकू द्या हं. आमच्याकडची सगळी माणसं येणार आहेत बघायला. पुढच्या रविवारी साखरपुडा, आणि या रविवारी सुनेनं नवऱ्याला हरवलं म्हणजे लोक काय चघळत बसतील ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“मग शिरीषला मोटर गार ठेवायला सांगा,” मी म्हणाले. काकू हसल्या. बाबाही हसले. बाबा जरा जास्तच वेळ हसले.

आम्ही नाशकातले तांबट. हंडे, घंगाळी, तपेली ठोकण्यात आमच्या पिढ्या गेल्या. स्टीलची भांडी आली आणि बाबांच्या हातोडीचा आवाज कमी होत गेला, पण हात गेला नाही. नळी वाकवताना आतून चेपू नये म्हणून बाबा तिच्यात पातळ केलेली राळ ओतायचे, ती थिजली की नळी लाकडी दांड्याभोवती गुंडाळायचे आणि मग तापवून राळ वाहून घालवायचे. असं वेटोळं आमच्या बोटींच्या क्लबात कोणालाच जमत नसे. मला ते त्यांनी शिकवलं. मुलगी आहे म्हणून काही हातचं राखून ठेवलं नाही. शेजारीपाजारी काहीबाही बोलायचे, तेव्हा ते म्हणायचे, “हात कोणाचा आहे ते तांब्याला कळत नाही.” या एका वाक्यावर मी चोवीस वर्षांची होईपर्यंत बापावर जीव ओवाळून टाकत होते.

पिंपळे मंडळी आमच्याच समाजातली, पण स्टीलच्या बाजूची. त्यांचं मोठं दुकान होतं, मारुती व्हॅन होती आणि एकुलता एक शिरीष होता. तो वर्षभरापूर्वी क्लबात आला, तयार बोट विकत घेऊन. तिची मोटर दर आठवड्याला तापायची. मीच त्याचा पंखा बदलला, मीच वेटोळं घालून दिलं. दिसायला बरा, बोलायला गोड. एकच गोष्ट होती. तो गाडीची किल्ली कानात घालून फिरवायचा, बाहेर काढून निरखून बघायचा आणि पॅंटला पुसायचा. मग त्याच हाताने माझा पाना उचलायचा. मला किळस लवकर येते, हे मी आधीच कबूल करते. आई म्हणायची, “किल्लीवरून कोणी स्थळ नाकारतं का?” मला ते पटलं होतं. निदान मी तसं मनाला सांगत होते.

खरं सांगायचं तर मला किल्लीची काळजी नव्हती. काळजी दुसरीच होती. वर्षभरात शिरीष कधी हरलेला मी पाहिला नव्हता. म्हणजे हरला होता, पण प्रत्येक वेळी काहीतरी झालेलं असायचं. बॅटरी खराब निघाली, वारा आडवा आला, कोणीतरी मध्ये आलं. या वर्षी मात्र अंतिम फेरी लांब होती, सगळ्यांना सारखीच मोटर होती, आणि खरे दावेदार आम्ही दोघंच होतो. मला जिंकायचं होतंच. पण त्याहून जास्त, त्याला माझ्याकडून सरळसरळ हरताना बघायचं होतं. हरल्यावर तो माझ्याकडे कसा बघतो, हात मिळवतो की तोंड फिरवतो, एवढं मला साखरपुड्याच्या आधी कळायला हवं होतं. आयुष्य काढायचं होतं त्या माणसाबरोबर. हे मी फक्त बाबांना सांगितलं होतं, दुकान बंद करताना.

“एवढ्यावर लग्न ठरवणार तू?” बाबा म्हणाले होते.

“ठरलंय की. मोडायचं का ते बघणार.”

बाबा कुलूप ओढून बघत राहिले. मग “असं बोलू नये” म्हणाले आणि चालायला लागले.

रविवारी शर्यत होती दिंडोरी रस्त्याच्या आतल्या अंगाला, एका पाझर तलावावर. पिंपळ्यांकडची माणसं खरोखरच आली. दोन जीपगाड्या भरून. त्यांनी बांधावर सतरंज्या अंथरल्या, स्टोव्ह पेटवला, आणि सकाळपासून वडे तळायला सुरुवात केली. तलावाच्या कडेला तेलकट कागद तरंगायला लागले. एक काका पाण्यात चूळ भरून आले, तीही पान खाऊन, जिथून आम्ही बोटी सोडायचो बरोबर तिथेच. मी म्हटलं, “काका, इथे बोटी आहेत.” ते म्हणाले, “बोटींना काय होतंय?” आणि उरलेलं थुंकले. लाल तवंग माझ्या पायापर्यंत आला. शी. आजही पिचकारी मारलेली भिंत दिसली की मला तो तवंग घोट्याला लागल्यासारखा वाटतो.

पहिल्या फेऱ्या सरळ झाल्या. माझी बोट पळत होती आणि दर फेरीनंतर मी नळीतलं पाणी फुंकून पार काढत होते, मोटरीला हाताचं बोट लावून बघत होते. कोमट. बोट ठेवून निवांत बोलत राहता येईल इतकीच कोमट. अंतिम फेरीच्या आधी कुमुदकाकूंनी मला हाक मारली. कोण आत्या, कोण मावशी, सगळ्यांच्या पाया पडायचं होतं.

“बोट बाबांजवळ दे आणि ये,” त्या म्हणाल्या. “आणि आता तरी त्याला अहो म्हण बाई, एवढी माणसं आहेत.”

मी बोट बाबांजवळ दिली.

आता आमची पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. चालवणारा वर बांधावर उभा राहतो, हातात रेडिओ घेऊन. बोट सोडणारा खाली गुडघाभर पाण्यात उभा राहून ती घट्ट धरतो. वरून जरासा वेग द्यायचा, पंखा फिरतो, धार येते. ती वरून दिसत नाही, ऊन पाण्यावर चकाकत असतं. म्हणून खालचा ओरडून सांगतो, “आली धार.” ते ऐकल्याशिवाय चालवणारा ‘तयार’ म्हणून हात वर करत नाही. लहानपणापासून माझी बोट बाबांनीच सोडली होती.

अंतिम फेरीला मी वेग दिला. बाबा वाकले होते. त्यांनी बोटीकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं.

“आली धार,” बाबा ओरडले.

मी हात वर केला.

सुरुवातीला मी शिरीषच्या पुढे होते, चांगली पुढे. सतरंजीवरचं बोलणं बंद झालं होतं. वळणं सुरेख जात होती. मग बोट जड लागायला लागली. हातातल्या रेडिओवरून तसं काही कळत नाही, पण ज्याने बोट बांधलेली असते त्याला कळतं. तिचं नाक खाली आलं. आवाज बदलला, किरकिरा झाला. मला वाटलं पंख्यात काही अडकलं असेल, तो वड्याचा कागद असेल. वेग कमी करावा तर शिरीष मागेच होता. मी वेग तसाच ठेवला. पलीकडच्या वळणावर बोटीतून धुराची पांढरी रेघ निघाली आणि ती तिथेच थांबली. शिरीषची बोट तिच्या बाजूने शांतपणे गेली.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. कोणी शिट्ट्या मारतंय, कोणी शिरीषला उचलतंय. बाबा कमरेएवढ्या पाण्यात शिरून माझी बोट घेऊन आले. “मी बघतो, तू जा तिकडे,” ते म्हणाले. मी बोट त्यांच्या हातातून काढून घेतली. जळक्या वार्निशचा वास येत होता. ज्याने तो कधी घेतला नाही त्याला काय सांगू, केस जळतात तसा आणि वर गोडसर.

मी झाकण काढतेय तोवर शिरीष आला. एका हातात वडा, दुसऱ्या हातात बक्षिसाची ढाल. मागे सगळी वरात.

“तापली,” तो बोटीत वाकून म्हणाला. मग लोकांकडे वळून त्याने व्याख्यानच सुरू केलं. “काय होतं, ब्रशवाली मोटर असते ना, तिला फार ओढलं की ती तापते. पंखा बेताचा लागतो. दांडा सरळ लागतो. आणि पाणी फिरायला पाहिजे सारखं. मी तिला नेहमी सांगतो.”

तो मला नेहमी सांगतो. माझी वाक्यं, माझ्याच क्रमाने, वडा चावता चावता. बोलताना त्याच्या तोंडातला कण उडून माझ्या बोटीत पडला, काळ्या पडलेल्या मोटरीवर, आणि तिथे चुर्रकन जळला. मी त्या कणाकडे बघत राहिले. कुमुदकाकूंनी तेवढ्यात पाकाने चिकट झालेल्या बोटांनी जिलबीचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. “वाईट वाटून घेऊ नकोस गं. घरातच राहिली ढाल.” त्यांची बोटं माझ्या दातांना लागली. मी तो तुकडा गिळला कसा ते मला माहीत नाही.

ते सगळे गेल्यावर मी नळी सोडवली. पाण्याच्या तोंडापासून वेटोळ्यापर्यंत रबराची एक छोटी नळी असते. बोट एवढी पळाली होती, ती नळी ओली असायला हवी होती. मी ती आपटली, फुंकली. फुंकर पलीकडे गेली नाही. मग टाचणीने कोरून आतून बाहेर काढला तो कापसाचा बोळा होता. व्हॅसलीन लावून घट्ट वळलेला, समईची वात वळतात तसा. तोंडापासून चांगला आत सरकवलेला, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला दिसू नये. बोळ्याच्या पलीकडे नळी ठणठणीत कोरडी होती. वेटोळंही कोरडं. एक थेंब नाही.

सुरुवातीला माझ्या डोक्यात शिरीषच आला. रागाने माझे कान तापले. ढाल त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. मी उठले सुद्धा. आणि उठल्यावर मला कळलं. या फेरीत नळी पहिल्यापासून बंद होती. एक थेंबही आत गेलेला नव्हता. मग धार आली कुठून?

बाबा पॅंट पिळत स्कूटरपाशी उभे होते. मी बोळा हाताच्या पंजावर ठेवून त्यांच्यासमोर धरला.

“बाबा, धार आली होती?”

“आली होती की.”

“नळी आतून कोरडी आहे.”

ते पॅंट पिळत राहिले. पाणी संपलं तरी पिळत होते.

“वैजू,” मग ते म्हणाले, “शर्यत दर वर्षी असते.”

“तुम्ही केलंत.”

“तुला मागे राहा म्हटलं असतं तर राहिली असतीस?”

“नाही.”

“मग? तुला त्याची परीक्षा घ्यायची होती. घेतली असतीस, आणि तो नापास झाला असता. होणारच होता, मी काय आंधळा आहे? मग पुढच्या रविवारी मी हॉलवाल्याला, भटजीला, समाजाला काय सांगायचं? की पोरगी बोटीच्या शर्यतीवरून लग्न मोडून बसली? चांगलं घर आहे. पुरुष जरा फुगीर असतात. आपण जरा हवा सोडली की निभतं.”

“म्हणजे तो नापास होणार हे तुम्हाला माहीत होतं.”

“सगळेच होतात गं.”

“मोटर जाळलीत तुम्ही.”

“दुसरी मिळते. उद्या आणून देतो.”

मी काय सांगू. बोळा घातला ते मी एक वेळ गिळलं असतं. बाप आहे, घाबरला, अक्कल गेली, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण ते वाकले होते, त्यांनी कोरड्या भोकाकडे पाहिलं होतं, मग वर माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं, आणि मग ओरडले होते. तोच आवाज, जो मी सहा-सात वर्षांची असल्यापासून ऐकत होते. “तुम्ही ओरडलात ना,” मी म्हणाले. “आली धार म्हणून.” मला त्या वेळी माझ्या बापाची किळस आली. पान थुंकणाऱ्या काकाची आली होती तशीच. परक्याची किळस आली तर आपण बाजूला होतो. आपल्या माणसाची आली की कुठे जायचं कळत नाही.

तरी मी शिरीषकडे गेले. मूर्ख म्हणा हवं तर. मला अजूनही वाटत होतं की ज्याच्याशी संसार करायचा त्याला एक संधी द्यावी. तो व्हॅनच्या मागच्या बाजूला बोट ठेवत होता, ढाल पुढच्या काचेत लोकांना दिसेल अशी आधीच ठेवून झाली होती.

“शिरीष, माझी नळी कोणीतरी बुजवली होती. मी दुसरी मोटर बसवते. या आठवड्यात कधीही ये. आपण दोघंच परत शर्यत लावू.”

“कोणासमोर?”

“कोणासमोर नाही. आपण दोघंच.”

“मग उपयोग काय?” तो म्हणाला. “आणि समज तू जिंकलीस. मग ही ढाल काय करायची? लोकांना काय सांगायचं? झालं ते झालं.” मग थोडा घाबरून म्हणाला, “कोणी बुजवली पण? मी नाही हं. आईशप्पथ.”

“बाबांनी.”

मला वाटलं आता चिडेल. जिंकणं खोटं निघालं म्हणून तरी चिडेल, स्वतःसाठी तरी. तो माझ्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. सुटल्यासारखं, मनापासूनचं हसू. वर्षभरात तो माझ्यासमोर इतका मोकळा कधी हसला नव्हता.

“करडेकाका हुशार निघाले,” तो म्हणाला.

“तुला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. बरं वाटतं. अगं, मुलीचं भलं बघितलं त्यांनी. बापाचं काळीज आहे.” त्याने किल्ली कानात फिरवली, बघितली, पुसली, आणि त्याच हाताने माझी हनुवटी उचलली. अगदी प्रेमाने. “उद्या आपल्याला मुलगी झाली ना वैजू, तर मीसुद्धा तिच्यासाठी असंच करीन.”

त्याने हे लाडात येऊन म्हटलं होतं. ते मला आज इतक्या वर्षांनीही जास्त खुपतं. धमकी दिली असती तर मी भांडले असते. तो वचन देत होता. मला एकदम ती मुलगी दिसली, बांधावर हात वर करून उभी, आणि खाली पाण्यात वाकलेला हा. मी त्याचा हात बाजूला केला, तलावाच्या कडेला गेले आणि तिथे, त्या तेलकट कागदांच्या शेजारी, सकाळपासून पोटात होतं ते सगळं ओकून टाकलं. जिलबी पहिली बाहेर आली.

तोंड धुऊन मी स्कूटरपाशी आले. बाबांनी बोट पिशवीत भरून ठेवली होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “सांगितलंस त्याला?”

“सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, तुम्ही बरोबर केलंत. त्याला मुलगी झाली तर तोही तिच्यासाठी असंच करणार आहे.”

बाबांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. खांदे खाली आले, इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सुटला.

“बघ,” ते म्हणाले. “मी सांगत होतो तुला. चांगला मुलगा आहे. अगदी माझ्यासारखा विचार करतो.”

“हो,” मी म्हणाले. “म्हणूनच नको.”

त्यांची किक अर्धवट राहिली. मी पिशवी खांद्याला अडकवली आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागले.